शालनताईंचं बरोबर होतं

मंडळी, शालनताईंच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. बाजारातल्या बायका काम टाकून आल्यात. साताऱ्याहून काही जण सकाळच्या एसटीनं आलेत. आमचा वाद्यवृंद तर सगळाच बसलाय. शालनताईंची मुलगी सुनीता इथं समोर आहे.

मला बोलायला सांगितलंय, पण मला बोलता येत नाही. फौजेच्या बँडमध्ये उमर गेली. नंतर इथं सांगलीत हा वाद्यवृंद उभा केला. बँडमास्तर लोकांकडं पाठ करून उभा राहतो, तीच सवय. काल दिवसभर घरात नुसत्या फेऱ्या मारत होतो. बायको म्हणाली, बसा की जरा. बसवत नव्हतं. लिहून आणलेला कागद खिशात आहे, तो मी काढत नाही. त्यात सगळं चांगलं चांगलं लिहिलंय.

शालनताई जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. इथं हळदीच्या गोदामात निवडायचं काम करायच्या. आमचा सराव दर रविवारी, गोदामामागच्या शाळेच्या हॉलमध्ये. एका रविवारी दारात एक बाई उभी दिसली. मी विचारलं, काय पाहिजे? तर म्हणाल्या, "आत येऊ का? हात पिवळं हायत, कशाला शिवत न्हाई."

भिंतीला टेकून बसल्या, त्या सराव संपेपर्यंत उठल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "एवढी माणसं एकदम वाजवत्यात आन् भांडण न्हाई. लय बरं वाटलं."

तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं आमचे नोटेशनचे कागद उडायचे. आम्ही शिकलीसवरलेली माणसं, वाजवायचं सोडून कागदांमागं पळायचो. पुढच्या रविवारी ताईंनी घरचे कपडे वाळत घालायचे चिमटे आणले आणि प्रत्येक स्टँडला दोन-दोन लावले. कुणी सांगितलं नव्हतं. मग खुर्च्या लावणं त्यांच्याकडं गेलं. मग निमंत्रणं.

आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक विचारतात, गाणी कुठली हायत? ताई सांगायच्या, "गाणं न्हाई, नाच न्हाई. नुसतं वाजवत्यात. पर येऊन बसा, उठू वाटायचं न्हाई." आमच्या पहिल्या कार्यक्रमाला अर्धा हॉल ताईंनी भरला. आणि मी मंचावरून आभार मानले ते प्रमुख पाहुण्यांचे. ताईंचं नाव घेतलं नाही. सुचलंच नाही.

आता जे बोलायचं आहे ते बोलतो. थोडं सांभाळून घ्या.

साताऱ्याच्या कार्यक्रमाआधीचा शेवटचा सराव. रचना मोठी, भागाभागांची. ताई जवळ आल्या. म्हणाल्या, "आवं मास्तर, दुसऱ्या भागात लय घाई करताय. मुक्ता मॅडमना दम घ्यायला जागा ऱ्हात न्हाई."

मुक्ता मॅडम इथं बसल्यात. शाळेत गणित शिकवतात आणि आमच्याकडं क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी मला हे कधी सांगितलं नाही. माझा धाक. ताईंना तो धाक नव्हता.

मी काय म्हणालो? सगळ्यांदेखत म्हणालो, "ताई, तुम्ही खुर्च्या लावा. संगीत आम्ही बघतो."

कुणीतरी हसलं. ताई "बरं" म्हणाल्या. आणि खुर्च्या आवरायला गेल्या.

साताऱ्यात काय झालं ते वादकांना माहीत आहे. दुसऱ्या भागात मी हात जोरात चालवला आणि मुक्ता मॅडमचा दम मधेच तुटला. सूर गेला तो चार ओळींनी परत आला. कार्यक्रम संपल्यावर मॅडम विंगेत रडत होत्या. ताई त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या. मी समोरून गेलो. ताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तांब्या मॅडमच्या हातात दिला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी ताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ट्रम्पेटवाले आमचे जुने सोबती म्हणाले, "फोन करा की." मी म्हणालो, करतो. केला नाही. वाटलं, मी का करू? त्या दुसऱ्या रविवारी रचनेचा दुसरा भाग मी हळू घेऊन बघितला. मंडळी, एका दमात सगळं जागेवर बसलं. तेव्हाच उठायला पाहिजे होतं. ताईंचं घर हॉलपासून दोन मिनिटांवर. मी गेलो नाही. म्हटलं, येतील तेव्हा सांगू.

तिसऱ्या आठवड्यात सुनीताचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलंय, हृदयाचं आहे. मी गेलो. ताई जाग्या होत्या. आसपास पाहुणे होते, बाजारातल्या बायका होत्या. मला सांगायचं होतं, ताई, तुमचं बरोबर होतं. एवढे चार शब्द. आणि तोंडातून काय गेलं? "लवकर बऱ्या व्हा ताई, नाहीतर खुर्च्या कोण लावणार?"

ताई हसल्या. म्हणाल्या, "खुर्च्या लावणाऱ्या पोरींस्नी सांगा, सेलोवाल्यांच्या बाजूला जागा जास्त सोडा. त्यांचा गजाचा हात अडकतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

परवा मी सुनीताला विचारलं, आई दुखण्यामुळं येत नव्हती ना? मला हो ऐकायचं होतं. ती म्हणाली, "काका, खोटं सांगत न्हाई. पहिलं दोन रविवार आई बरी होती. सरावाच्या टायमाला घराच्या पायरीवर बसायची. तिथनं वाजवल्यालं बारीक ऐकू यायचं." मी विचारलं, हे सभेत सांगू का? ती म्हणाली, "सांगा."

म्हणजे दुसऱ्या रविवारचं ते हळू वाजवलेलं ताईंनी ऐकलं असेल. किंवा वारं उलटं असेल आणि काहीच ऐकू आलं नसेल. मला ते कधी कळणार नाही. तुम्ही म्हणाल, मास्तर, मनाला लावून घेऊ नका. लावून घेऊ द्या. ते उतरू नये असंच मला वाटतं.

मुक्ता मॅडम, तुमची माफी मागतो. सगळ्यांदेखत बोललो होतो, सगळ्यांदेखत मागतो. आणि ताईंना त्यांच्या माघारी सांगतो. ताई, तुमचं बरोबर होतं. तुम्हाला संगीत कळत होतं. मला माणसं कळत नव्हती.

आता आपण उभं राहून शांत राहू या. किती वेळ, ते मी ठरवणार नाही. सुनीता बसेल, तेव्हा आपण बसू.