शनिवार-रविवारची गोळी

नेरूळमधल्या जनावरांच्या दवाखान्यात श्रुती मांजराची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या अरुणाकाकूंच्या पायाशी त्यांचा म्हातारा कुत्रा धापा टाकत पडला होता. दवाखान्यातली नूरीन फाइल घेऊन त्यांच्यासमोर आली.

"काकू, बंड्याला दम कधी लागतो?"

"सोमवारी जास्त. मंगळवारपासून जरा बरा असतो."

"हृदयाची गोळी चालू आहे ना? डिगॉक्सिन?"

"न चुकता. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. शनिवार-रविवार सोडून."

"सोडून का?"

"अगं, त्या गोळीला सुट्टी असते. आमच्या यांना नऊ वर्षं होती ना तीच. आठवड्यातून पाच दिवस, डॉक्टरांनीच सांगितलेलं."

"ते काकांसाठी, काकू. याला रोज द्यायची. चिठ्ठीवर लिहिलंय बघा."

"चिठ्ठी कोण वाचतंय? गोळीचं नाव बघितलं आणि म्हटलं, ही तर आपल्या घरातलीच."

"म्हणजे आज दिलीच नाही?"

"आज शनिवार ना. आता देऊ? ही बघ डबी, पर्समध्येच असते."

"आता नको. डॉक्टर आधी रक्त तपासतील. ही सात खणांची डबी काकांची का?"

"त्यांचीच. ते गेले त्याला दीड वर्ष झालं. मी आपली दर सोमवारी पाच खण भरते."

"नवीन घ्या ना, काकू. बंड्याची वेगळी. म्हणजे गोंधळ नको."

"नवीन कशाला? हिच्यात दोन खण रिकामेच आहेत की."