चौदा नंबरचे साठ युनिट

सुदेश : शत्रुघ्नकाका, खरं सांगा. चौदा नंबरात कोण राहतं?

शत्रुघ्न : कोण नाय. मार्चपासून कुलूप हाय.

सुदेश : मग मीटर का पळतोय?

शत्रुघ्न : चहा घे आधी.

सुदेश : चहा राहू द्या. दर महिन्याला तुमची मीटरची वही मी ऑफिसात नेतो; आज सकाळी तिच्यापायी माझी खरडपट्टी निघाली. या बिल्डिंगपायी वर्षाला किती कार्बन हवेत जातो, त्याचा रिपोर्ट बँकेनं मालकाकडे मागितलाय. प्रत्येक फ्लॅटची वीज, प्रत्येक फ्लॅटची माणसं. चौदासमोर तुम्हीच लिहिलंय, माणसं शून्य. आणि वीज महिन्याला साठ युनिट!

शत्रुघ्न : मग बरोबरच लिवलंय.

सुदेश : अहो, दर महिन्याला जुनाच आकडा उतरवला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

शत्रुघ्न : मीटर पुढं गेला नि मी जुना आकडा लिवू? बारा वर्षं ह्या अरबी मुलखात हारिस हाय मी, बिल्डिंगचा राखणदार. किल्ल्या, पाण्याची टाकी, मीटर, सगळं मीच बघतो. खोटा आकडा एक नाय लिवला.

सुदेश : त्यानंच घात केला. मालकाला वाटतंय, तुम्ही बंद घरात चोरून भाडेकरू ठेवलाय. तुमचा इथं राहायचा परवाना, इकामा, रद्द करून गावी पाठवायचं चाललंय.

शत्रुघ्न : गावी कोण बसलंय माझी वाट बघत? बायको गेली. लेक अक्षदा सासरी.

सुदेश : म्हणून तर विचारतोय. एसी असता तर युनिट हजारावर गेले असते. नुसता दिवा असता तर दहासुद्धा झाले नसते. साठ म्हणजे फ्रिज, काका.

शत्रुघ्न : हुशार हायस.

सुदेश : रिकाम्या घरात फ्रिज कशाला?

शत्रुघ्न : बिल्कीसभाभीचा डबा हाय त्यात.

सुदेश : ही कोण?

शत्रुघ्न : चौदातलीच. इद्रीसभाईंची बायको, आमच्याच बाजूची, दाभोळची. त्यांची नोकरी सुटली, सगळी गावाला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्यासाठी कोलंबीचं सालन रांधलं. सहा डबे भरून फ्रीजरात ठेवले. म्हणाली, "तुझ्या हाताला चव नाय मेल्या, उपाशी मरशील."

सुदेश : मग?

शत्रुघ्न : पाच खाल्ले. सहावा ठेवलाय. माझ्या जिन्याखालच्या खोलीत फ्रिज मावतो कुठं?

सुदेश : फोन येतो त्यांचा?

शत्रुघ्न : आधी दर जुम्म्याला यायचा. "जेवलास का?" म्हणून. आता लेकीकडे गेली म्हणतात. नंबर लागत नाय.

सुदेश : हे बघा. आज फ्रिज बंद करा. 'फ्रिज चालू राहिला होता, घर रिकामंच आहे' असं लिहितो, फोटो लावतो. प्रकरण मिटेल. हे शेवटचंच रीडिंग. पुढच्या महिन्यापासून नवे मीटर, आकडे आपोआप ऑफिसात.

शत्रुघ्न : म्हणजे तू येणार नायस.

सुदेश : कामच उरणार नाही इथं.

शत्रुघ्न : बरं. बाकीचे आपले "हारिस, किल्ली. हारिस, पाणी." काका म्हणणारा तू एकटाच होतास.

सुदेश : मी तरी कुठं मोठा गोतावळ्यात राहतो? अब्बासियात एका खोलीत आठ जण, आठही मोबाईलमध्ये डोकं घालून. चला वर. डबा गरम करू, दोघं खाऊ.

शत्रुघ्न : नको रे.

सुदेश : फ्रिज बंद केल्यावर वाया जाईल तो.

शत्रुघ्न : खायचं काय नाय. खाल्ला की धुवायचा, धुतला की परत द्यायचा. नि रिकामा डबा आम्ही कुणाला परत देत नाय. पाच डबे धुऊन ठेवलेत खोलीत. काय भरू नि कुणाला देऊ? हा एक भरलेला हाय, तोवर वाटतं, देणंघेणं चालू हाय कुणाशीतरी.

[सुदेश जिन्याच्या दोन पायऱ्या चढतो आणि थांबतो.]

सुदेश : काका, खाऊन झाल्यावर हा डबा मी नेतो.

शत्रुघ्न : तू कशाला?

सुदेश : परत द्यायला यावं लागेल ना मग.

शत्रुघ्न : रिकामा नाय हां आणायचा.

सुदेश : मला भाताशिवाय काही येत नाही.

शत्रुघ्न : भात आण.