स्लॅबचे पेढे

— नको, नको, परत बेल नको दाबूस, आलेय ना मी. थांब, दार ओढून घेते, आत आवाज जातो. इकडे ये, जिन्यापाशी. हं, आता बोल, पण हळू. पेढे ना? कळलं मला. सकाळीच तुमचा नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, म्हटलं चला, आणखी एक स्लॅब. कितवा रे हा? — नववा! बघता बघता नववा! चांगलीय हो तुमच्या साहेबांची पद्धत, स्लॅब टाकला की शेजारपाजाऱ्यांना पेढे. डोळ्यांत धूळ आणि तोंडात पेढा. नाही रे, तुला नाही बोलत, तू कशाला कसानुसा होतोस? सिद्धेश ना तू? पगारी माणूस, वरून सांगतील ते वाटायचं. दे इकडे. एकच दे, ह्यांना शुगर आहे.

पण एक काम कर बाबा माझं. पुढच्या वेळी बेल वाजवू नकोस, माझ्या मोबाइलवर मिसकॉल दे, मी खाली येऊन घेऊन जाईन. आणि आलासच तर ते 'काकू, टॉवरचे पेढे' असं मोठ्यांदा म्हणू नकोस. का म्हणजे — आमच्या ह्यांना माहीत नाहीये ना तिथे टॉवर होतोय ते. — हसू नकोस. माहीत नाही म्हणजे दिसत नाही त्यांना. दोन्ही डोळे गेले शुगरनं, तीन वर्षं झाली. चाकणला कंपनीत होते, क्वालिटीला. सगळा जन्म माल तपासण्यात गेला, पार्टवर नुसता अंगठा फिरवला की सांगायचे, ह्याला बर राहिलीय, कड खरखरतेय, परत पाठवा. त्या माणसाचे डोळे जावेत! आता आंघोळीला गेलेत म्हणून बोलतेय मी, वेळ लागतो त्यांना, साबण सापडत नाही आणि मला आत येऊ देत नाहीत.

मिक्सरचा आवाज येतो की त्यांना, का नाही येणार, बहिरे थोडेच आहेत. मी सांगितलंय, रस्त्याचं काम चाललंय, ड्रेनेजचं. मोशीत काय, कुठलं तरी काम चालूच असतं, खपून जातं. आणि पेढ्यांचं काय सांगते ठाऊक आहे? एकदा म्हटलं तिसऱ्या मजल्यावरच्यांना मुलगा झाला, एकदा म्हटलं कुणाचं तरी प्रमोशन, एकदा म्हटलं बारसं. तर म्हणतात कसे, 'आपल्या बिल्डिंगीत फारच पोरं व्हायला लागली गं.' हसले होते तेव्हा. मलाही हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले मी.

तुला वाटत असेल, म्हातारी येडी झालीय, टॉवरनं काय बिघडतं? सांगते ना. आमची गॅलरी पूर्वेला, तुमच्या साइटकडे. वर दुसऱ्या मजल्याची गॅलरी आहे, त्यामुळे दहा वाजले की आमचं ऊन संपलं. म्हणजे काय, उगवल्यापासून दहापर्यंत, तेवढंच. तेवढ्या उन्हात काय येतं? काही नाही येत. टोमॅटो लावले, नुसते वाढले, फूल नाही. मिरचीला पांढरी कीड. तुळससुद्धा राहीना बघ, काड्या झाल्या. मग आमच्या धनेशनं — मुलगा माझा, वाकडला असतो — त्यानं लेट्यूसचं बी आणून दिलं. हां, तेच, बर्गरमध्ये घालतात तो पाला. मी म्हटलं, हे काय आणलंस, गुरं पाळायचीत का? पण त्याला अर्धंच ऊन लागतं. जास्त उन्हात मधूनच तुरा काढतं आणि मग पान कडूजहर. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे आमच्या गॅलरीसारखीच गॅलरी पाहिजे त्याला. जगात एवढी एकच गोष्ट असेल जिला आमची गॅलरी पुरते.

आणि ते उठले रे! तुला काय सांगू. डोळे गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, वर्षभर. वर्षभर! जेवण भरवायला गेलं तर ओठ मिटून घ्यायचे. मला म्हणाले, 'मला रिजेक्टमध्ये टाक आता.' नवऱ्याच्या तोंडून असं ऐकायचं! ओढून ओढून नेलं एक दिवस गॅलरीत, खुर्चीवर बसवलं, हात धरून त्या रोपावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पण नेलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, 'कालच्यापेक्षा जाड झालंय पान.' बस्स. मग रोज. हाताची मागची बाजू उन्हाला धरायचे, ऊन आलं की म्हणायचे, 'आलं.' मग एकेका कुंडीत अंगठा आणि बोट. बाहेरचं पान काढायचं, गाभा ठेवायचा. मला अजिबात आवडत नाही ते, कागद चावल्यासारखं लागतं, पण खाते, त्यांच्यासमोर कुर्र आवाज करून खाते. 'कसंय?' विचारतात ना.

मग तुमचं सुरू झालं. पहिले दोन-तीन स्लॅब काही कळलंच नाही. मग ऊन उशिरा यायला लागलं. आधी टॉवरच्या डोक्यावरून यायचं आणि मग दहाला वरची गॅलरी कापायची, मध्ये राहिलं किती? ह्यांना सांगितलं, दक्षिणायन आहे, सूर्य सरकलाय, संक्रांतीनंतर येईल जागेवर. संक्रांत झाली. म्हटलं, यंदा धुकं फार. मग म्हटलं, पाडव्यापर्यंत बघा तुम्ही. पानं कशी झाली होती माहितीये, लांबट, हडकुळी, उजेडाकडे माना वळवून बसलेली. ह्यांच्या अंगठ्याला ते कळायला कितीसा वेळ? मी कुंड्या सरकवत बसायचे, ते बातम्या ऐकत असले की ओढ इकडे, ओढ तिकडे. एक फळी लावली कठड्यावर, सेक्रेटरीनं काढायला लावली, खाली पडेल म्हणून. धनेशनं दिवा आणला, झाडांचा जांभळा दिवा असतो बघ. तो लावला, तर ह्यांनी त्याच्यापुढे हात धरला आणि म्हणाले, 'हे ऊन नाही.' संपलं. तो दिवा कपाटावर पडलाय.

मग मी काय केलं — सांगू नये खरं तर, पण आता कुणाला सांगणार? — वाकडच्या मॉलमध्ये लेट्यूस मुळासकट मिळतं. पाण्यावर वाढवलेलं, खाली स्पंजाचा तुकडा असतो. ते आणते. हे आंघोळीला गेले की हडकुळी रोपं उपटायची, स्पंज कात्रीनं कापायचा आणि ही भरलेली रोपं मातीत खोचायची. चार दिवस टिकतात, मग परत. एकदा स्पंज राहिला थोडा, त्यांच्या बोटाला लागला. 'हे काय गं?' म्हटलं, कोकोपीट आहे, काथ्याचा भुगा. 'हं' म्हणाले. पण मग म्हणाले, 'पान छान भरलंय.'

हो रे, फसवतेच आहे. मग काय करू? हेच एवढं एक आहे ज्याच्यासाठी तो माणूस पलंगावरून पाय खाली ठेवतो. ऊन गेलं की परत भिंतीकडे तोंड. मला माहितीये ना. मी बघितलंय ते वर्ष. परत नाही बघवणार माझ्याच्यानं. — बारा मजले ना तुमचे? मग आता कशाला मोजायचं. काल तर ऊन आलंच नाही, वरच्या पत्र्यावर नुसतं चमकलं आणि गेलं. मी म्हटलं, 'आलं बघा.' त्यांनी हात पुढे धरला. 'हो, छान आहे आज,' म्हणाले. तोंडावर समाधान होतं रे. मी म्हटलं, चला, आजचा दिवस निघाला, ऊन नसतानाही निघाला. म्हणजे निघतील अजून. म्हणून तुला सांगतेय, तू मोठ्यांदा काही बोलू नकोस, नाहीतर —

काय? — काय म्हणालास? — काकांना माहितीये म्हणजे? कुणी सांगितलं? — तू? कधी? माझ्यासमोर तर नाही... मी नव्हते? दार त्यांनी उघडलं? भिंत धरून आले असतील. मी तेव्हा मॉलमध्ये असणार, ते लेट्यूसच आणायला. कितवा स्लॅब होता? — सहावा. सहाव्यापासून माहितीये त्यांना. आणि मी नंतर बारसं सांगतेय, प्रमोशन सांगतेय. अरे देवा.

मग काय म्हणाले ते? — किती मजले होणार, एवढंच विचारलं? आणि? सांग ना, चपलांकडे काय बघतोस! मी काही करणार नाहीये तुला. — 'लवकर करा.' लवकर करा म्हणाले? काय लवकर करा? — परत सांग. त्यांचे शब्द सांग, जसेच्या तसे. — 'ऊन बंद झालं म्हणजे ही मला उठवायची थांबेल.'

असं म्हणाले. हसत म्हणाले असतील, त्यांची ती सवय आहे, तोंड वाकडं करून थट्टा — नाही? हसले नाहीत?

खोटं बोलतोस तू. — नाही. तू कशाला खोटं बोलशील. मलाच सांगू नको म्हणाले असतील, 'काकूला कळू देऊ नकोस.' व्हय ना? कळलं. कळलं मला. म्हणजे रोज मी हाताला धरून नेत होते आणि ते... माझ्यासाठी येत होते. मी त्यांना जगवतेय म्हणून मी खूश आणि ते तिथं बसून तुमचे मजले मोजतायत. कालसुद्धा. काल ऊन नव्हतं हे त्यांना माहीत होतं. 'छान आहे आज.' अरे, मी किती आनंदानं उचलली ती खुर्ची नंतर!

दम जरा. बाथरूमची कडी वाजली. — अहो, आले! आले, इथंच आहे दारात. — कुणी नाही, तो... तो साइटवरचा आहे. टॉवरचा. पेढे घेऊन आलाय. — हो. नववा झाला. — टॉवेल तिथंच दाराला आहे, उजव्या हाताला. — काय? — नाही. नाही आलं आज ऊन. — नाही येणार आता. — हो. हो, पडा तुम्ही. पडा, मी नाही उठवत.

तू अजून इथंच? जा ना बाबा. जा.