आरोपीचा मित्र

बोलायचं न्हाई म्हनले मला. मला! दोनदा सरपंच राहिलेल्या मानसाला, ज्यानं ग्रामसभेत माईक बंद पडला तरी पान्याच्या टाकीवरचं भाषन थांबवलं न्हाई, त्याला जावयाची बाजू मांडनारी फौजेतली एक कॅप्टन मॅडम सांगती, "अंकल, आप सिर्फ मेरे कान में बोलिए." का, तर म्हनं मी 'आरोपीचा मित्र' हाय. आता तुमाला सांगतो, फौजेच्या कोर्टात आरोपीला शेजारी बसवायला आपल्या पसंतीचा एक मानूस घेता येतो, कुनीबी चालतो, त्याला मित्र म्हनतात, अन् आमच्या जावयानं, पंकजनं, मित्र म्हनून नेला कोन? सासरा! आता सासरा जावयाचा मित्र हुतो का कधी... पन लेक, निकिता, पोटुशी, डोळ्याला पदर लावून म्हनली, बाबा, तुमीच जा. मग काय, घातला कडक इस्त्रीचा सदरा अन् निघालो देवळालीहून नगरला, कॅम्पात.

गुन्हा काय, तर हुकूम मोडला. पंकज फौजेत ट्रकवर ड्रायव्हर. राजूरच्या पलीकडं डोंगरात त्यांचा सराव चालल्याला, वाटेत ओढ्यावर फरशीपूल, पुलावरनं लाल पानी धो धो, अन् मागं गाडीत जवान बसल्याले. मेजरसाहेब म्हनले, घाल गाडी. पंकजनं इंजिन बंद केलं, खाली उतरला, सलाम ठोकला अन् म्हनला, "साहेब, पूल दिसत न्हाई. मी गाडी घालनार न्हाई." एवढंच. गाडी माघारी आली, सगळे जवान रातच्याला आपल्या पायानं जेवायला गेले, अन् पंकजवर खटला! जेल हुतंय, नोकरी जातीय, अन् इकडं लेकीचं बाळंतपन तोंडावर आल्यालं.

अन् कोर्ट कसं म्हनता? तीन अधिकारी जज. ते कोर्ट बसवलं कुनी? वरच्या मोठ्या साहेबानं. जज नेमले कुनी? त्यानंच. ते तिघं हुकूम कुनाचा ऐकत्यात? त्याचाच. बरं, निकाल दिला तर तो मंजूर कोन करनार? अवो, तोच की! मी मॅडमला म्हनलं, लोकशाही हाय ना ही? आमच्याकडं बांधाच्या भांडनात पंच नेमायचा झाला तरी दोन्ही पार्ट्यांना इचारत्यात. मॅडम मूळची केरळची, पन पुन्यात शिकल्याली, मराठी यायची तिला, ती शांतपने म्हनली, इथंही विचारतात. अन् खरंच, पहिल्याच दिवशी पंकजला इचारलं, या तिघांपैकी कुनाबद्दल तुमची हरकत हाय का? मी लगेच मॅडमच्या कानात, तिघांबद्दल हाय म्हनावं. ती म्हनली कारन? म्हनलं तिघं एकाच साहेबाच्या हाताखालचे. ती म्हनली, "अंकल, मीपण त्याच साहेबाच्या हाताखालची आहे. माझ्यावर हरकत आहे का?" मी हरकत माघारी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मेजरसाहेबांची साक्ष. उंचापुरा गडी, बूट असे की तोंड दिसावं. वाईट मानूस नव्हता हां, उगा कशाला खोटं बोलू, पन बोलायला लागला की वाटायचं ओढा न्हवताच, कुनीतरी वाटंवर तांब्याभर पानी सांडलं हुतं. पानी थोडं हुतं, गाडी दनकट हुती, हुकूम म्हंजे हुकूम. कोर्टात सगळे माना डोलवाय लागले. पंकज तर समोरच्या भिंतीकडं बघत ताठ उभा, चेहऱ्यावर कायबी न्हाई. मला र्‍हावलं न्हाई. मॅडमच्या कानात म्हनलं, साहेब कुठं बसनार हुते तेवढं इचारा.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठली.

"सर, ट्रक पुलावर घातला असता तर तुम्ही त्यात असता का?"

"नाही. माझी जीप मागून येणार होती."

"ट्रक पार झाल्यावर?"

मेजरसाहेबांनी आपल्या चकचकीत बुटांकडं बघितलं. मग हळूच म्हनले, "हो."

तिघांतल्या धाकट्या जजनं कागदावर कायतरी लिहून घेतलं.

मग दार लावून ते तिघं आत बसले. तिथं मत म्हनं सगळ्यात धाकट्यानं आधी द्यायचं, म्हंजे मोठ्याच्या तोंडाकडं बघून कुनी बोलायला नको. हे मला लई आवडलं, आमच्या ग्रामपंचायतीत असतं तर मी दोनदा निवडून आलोच नसतो. दार उघडलं, निर्दोष! मी उठून भाषन करनारच हुतो, मॅडमनं सदरा धरून खाली बसवलं. म्हनली, थांबा, मंजुरी बाकी आहे.

अन् मंजुरी आलीच न्हाई. मोठ्या साहेबानं निकाल माघारी पाठवला, परत इचार करा म्हनून. कायद्यात तशी सोय हाय म्हनं, एकदा पाठवता येतो. बघा, म्हनलं, हेच सांगत हुतो मी! लोकशाही हाय ना ही? मतमोजनी झाल्यावर सरपंच म्हनला परत मोजा, परत मोजा, आवडंपत्तुर मोजा, तर चाललं का? निकितानं दोन घास खाल्ले न्हाईत त्या दिवशी. मी तिला धीर देत हुतो, पन मनात म्हनलं, संपलं. वरच्यानं कागद माघारी पाठवला की खालचा सही बदलतो, हे मी उभ्या जन्मात बघितलंय.

परत कोर्ट बसलं. तेच तिघं. दार लागलं, दार उघडलं. मधले कर्नलसाहेब, टक्कल पडल्यालं, सगळ्या खटल्यात एकदाबी आवाज चढवला न्हाई त्यांनी, त्यांनी कागद उचलला अन् वाचलं, कोर्ट आपल्या निकालावर कायम आहे. बस. ना भाषन, ना टाळ्या. कागद खाली ठेवला, टोपी घातली, निघून गेले. अन् मी, सांगायला लाज कशाची, ढसाढसा रडलो.

मोठ्या साहेबानंबी मग मंजुरी दिली. मनात काय हुतं त्यांच्या, ते त्यांनाच ठावं. नातीच्या बारशाला पंकज सुट्टीवर आला, अन् जेवनाच्या पंगतीत आमचा शेजारी बिभीषन मला इचारतो, "सरपंच, म्हंजे फौजेचं कोर्ट स्वतंत्र असतं व्हय?"

मी छाती फुगवली, तोंड उघडलं, सगळी पंगत माझ्याकडं बघाय लागली... अन् मला ते टकले कर्नल आठवले. त्यांच्या जागी दुसरा कुनी असता तर?

"त्या दिशी हुतं बाबा," म्हनलो. "फुडच्या येळचं, खुर्चीत कोन बसतंय ते बघून सांगतो."