अख्ख्या संघाला मोदक

...आणि वर म्हणतात काय, 'वहिनी, सारण जरा कमी गोड झालंय!' ऐकलंत? ज्या माणसाने माझ्या नवऱ्याला अख्खी मॅच बाकावर बसवून ठेवलं, त्याला मी घरी बोलावून उकडीचे मोदक वाढतेय, वर तुपाची धार सोडतेय, आणि तो मला सारण शिकवतोय! पण देवाचा काही दोष नाही हं. मी मागितलं तेच त्याने दिलं.

थांबा, पहिल्यापासून सांगते. तर यंदा आमच्या मंडळाला फुटबॉलचं वेड लागलं. साधंसुधं फुटबॉल नाही, एकोणीसशे तीसचं! जगातला पहिला वर्ल्डकप झाला ना, तसाच म्हणे इथे सिंगापुरात खेळायचा, सगळे नियम त्या वेळचे, आणि एकेका मंडळाने त्यातला एकेक देश व्हायचं. चिठ्ठ्या टाकल्या. तेलुगू मंडळी झाली पेरू, आणि आम्ही मराठी? रोमानिया! गावातल्या गावात सेंगकांगहून पाया लेबारच्या कार्यक्रमाला कधी वेळेत न पोहोचणारी माणसं, ती निघाली रोमानिया व्हायला!

आमचे हे, प्रबोध, पुण्याला कॉलेजात लेफ्ट विंगला खेळायचे. अजूनही रोज पहाटे पळतात. पण मंडळात ह्यांच्याकडे एकच खातं, खुर्च्या. गणपती आले, खुर्च्या मांडा. हळदीकुंकू झालं, खुर्च्या उचला. फुटबॉल म्हटल्यावर ह्यांचे डोळे असे काही चमकले... आणि आमच्या प्रणिताने तर वर्गभर सांगून टाकलं, "माय पापा प्लेइंग वर्ल्डकप, यू ऑल मस्ट कम लाह!" आता मला सांगा, पोरीने मैत्रिणी बोलावल्या आणि बाप खुर्च्या उचलताना दिसला तर? मी तडक उठले. गेले देवापुढे. म्हटलं, गणराया, ह्यांचं नाव संघात येऊ दे, अख्ख्या संघाला उकडीचे मोदक करून घालीन!

संघात येऊ दे म्हटलं. खेळू दे नाही म्हटलं! तिथेच फसले.

नावं कोण ठरवणार? शिरीष भाऊजी. मंडळाचे सेक्रेटरी, राहायला बुकित तिमाह, बंगलेवाल्यांच्या वस्तीत, बँकेत फार मोठे. किती मोठे ते तुम्ही न विचारता सांगतात. त्यांनी संघ निवडला तो कसा? पळतो कोण, चेंडू कोणाच्या पायाशी थांबतो, हे बघून? छे! व्हाइस प्रेसिडेंट आहात? या, फॉरवर्डला! डायरेक्टर? तुम्ही गोलकीपर, उभ्या उभ्या फोन घेता येतो! स्वतः कॅप्टन, हे काय सांगायला हवं? आणि अगदी शेवटी, राखीव म्हणून... प्रबोध. नाव आलं! मी साखर ठेवली देवापुढे. देवाचा काही दोष नाही हं.

मग कळला तो जुना नियम. एकोणीसशे तीसमध्ये म्हणे बदली खेळाडूच नसायचा! अकरा उतरले की अकराच. पडला, लंगडला, उलथला, त्याच्या जागी दुसरा नाही. मी विचारलं, "अहो, मग राखीव कशाला?" हे शांतपणे बुटाची नाडी बांधत म्हणतात, "पुढच्या मॅचसाठी. तेव्हाही महिनाभर घर सोडून, बोटीने समुद्र ओलांडून गेलेले आणि एकही मॅच न खेळता परतलेले लोक होते गं." अहो, हे सांत्वन झालं?

बरं, पेरूवाल्या तेलुगू मंडळींशी मॅच सुरू. थोड्याच वेळात आमचा फॉरवर्ड विक्रांत कानात ते फोनचं बोंडूक घालून मैदानाबाहेर. "टू मिनिट्स हं, क्लायंट कॉल!" गेला तो गेलाच. दहा राहिले. एकाच्या पोटरीत गोळा. नऊ. तिसरे आंब्याच्या झाडाखाली लिंबू सरबत पीत आडवे. आठ! आणि बाकावर आमचे हे, बूट बांधलेले, पाठीवर कुणाला न उच्चारता येणारं रोमानियन नाव, घोड्यासारखे पाय आपटतायत. तेलुगू मंडळींचा कॅप्टन स्वतः धावत आला, बिचारा हिंदीत म्हणाला, "भाईसाब, इनको उतारो ना, हमें चलेगा!" भाऊजी काय म्हणाले? "नो नो! रूल इज रूल!" गोल किती झाले विचारू नका. मोजायचं सोडून दिलं होतं. हरलो म्हणजे पुढची मॅचही नाही. प्रणिता मैत्रिणींना सांगत होती, "माय पापा इज फॉर इमर्जन्सी ओन्ली."

आणि नवस? तो तर फेडायलाच हवा! नाव आलं होतं ना?

म्हणून आज मोदक. बसली सगळी व्हाइस प्रेसिडेंट मंडळी पंगतीला. विक्रांतचं पान रिकामं, पुन्हा कुठलासा कॉल. तर भाऊजी बोटं चाटत म्हणतात, "वहिनी, विक्रांतचे मोदक मला वाढा. त्याच्या जागी मी!"

मी तुपाची वाटी खाली ठेवली. म्हटलं, "भाऊजी, एकोणीसशे तीसमध्ये बदली नव्हती."

काय हसले सगळे! प्रणिताने टाळी वाजवली. भाऊजी लाल! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, गोल म्हणतात तो हाच... आणि तेवढ्यात आमचे हे उठले. आपल्या पानातले दोन मोदक उचलले आणि भाऊजींना वाढले. "घे रे शिरीष. पुढच्या वर्षी बघ मला घेता आलं तर."

मी तशीच देवघरात. ह्या वेळी नीट, शब्द जुळवून मागितलं. गणराया, पुढच्या वर्षी ह्यांना मैदानात उतरव. मैदानात! पुन्हा अख्ख्या संघाला मोदक. आणि बाहेर येते तो तोंडात मोदक कोंबून भाऊजींची घोषणा चाललेली, "पुढच्या वर्षी बक्षीस समारंभ थेट मैदानातच! आणि खुर्च्या कोण मांडणार? आपला प्रबोध!"

...देवाचा काही दोष नाही हं. चला, नारळ सांगून ठेवते.