वास न येणारा वाईनचा पंडित

मंडळी, एक विचारू? ‘मला कळत नाही’ – तीनच शब्द! ते तोंडातून निघताना एवढे जड का होतात?

ऐका. नाशिकजवळ, द्राक्षांच्या मळ्यात एक हॉटेल. – आजोबा, दचकू नका! देवळात वाईन आणलेली नाही, नुसती गोष्ट आणलीय. – तिथं हेरंब दातार नावाचा तरुण वाईनची चव घ्यायला शिकवायचा. दोन वर्षं फ्रान्समध्ये शिकून आलेला. पेला फिरवायचा, नाक खुपसायचा, डोळे मिटायचा... समाधीच म्हणा ना!

पण त्याला ताप आला, आणि तापाबरोबर नाकाला येणारा वास गेला. पार गेला! फुलं नाहीत, धूप नाही, काही नाही. वाईन म्हणजे निम्मं नाकच की हो! नोकरी जाईल म्हणून त्यानं घरीसुद्धा सांगितलं नाही. दोन महिने आठवणीतली वर्णनं सांगत राहिला. लोक माना डोलवत राहिले.

मग मालकानं मोठी मेजवानी ठेवली. फ्रान्सहून मागवलेली पांढरी वाईन, आणि तिच्याबरोबर पानात वाफवलेलं पापलेट. हा कार्यक्रम चांगला झाला की हेरंबची नोकरी कायम होणार होती. त्यानं पहिल्या बाटलीतला घोट घेतला आणि सांगितलं, हिरव्या सफरचंदाचा सुगंध आहे, लिंबाच्या फुलांचा आहे. तीस पाहुण्यांनी वास घेतला. तिसांनाही सापडला! एका निवृत्त न्यायाधीशांना तर दोनदा सापडला.

तेवढ्यात स्वयंपाकीण मंदाकिनी तांडेल पापलेट घेऊन आल्या. मूळच्या श्रीवर्धनच्या, मासळीत वाढलेल्या. टेबलाशी वाकल्या आणि थबकल्या.

“साहेब, याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय. माझ्या माशाबरोबर हे देऊ नका.”

मालकानं हेरंबकडे पाहिलं. मंडळी, त्या बाईंना यातलं काय कळतंय, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. तीस साक्षीदार होते त्याच्या बाजूनं! पण मंदाताई ताट धरून उभ्या होत्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यानं पेला खाली ठेवला.

“ताई बरोबर असतील. मला कळत नाही. दोन महिने मला कसलाच वास येत नाही.”

बूच खराब निघालं होतं, बाटली बिघडलेली होती. मग काय! न्यायाधीश हळूच म्हणाले, त्यांनाही शंका आलीच होती. पाठोपाठ एकोणतीस जणांना आली.

दुसरी बाटली उघडली. हेरंबनं पेला मंदाताईंपुढे धरला. त्या पीत नव्हत्या. नुसता वास घेऊन म्हणाल्या, कच्चा पेरू, लिंबाची साल. आंबटपणा मात्र हेरंबच्या जिभेला कळत होता. माशावर लिंबू पिळावं तसा तो आंबटपणा पापलेटावर बसला. पाहुणे खरोखर जेवले.

नोकरी कायम झाली नाही, पण गेलीही नाही. मालकाची अट एकच – प्रत्येक बाटली आधी मंदाताईंच्या नाकाखालून जायची. पाच महिने तसं चाललं. आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात हेरंब थांबला. “ताई, लसूण करपतोय,” म्हणाला, आणि रडायला लागला. मंदाताईंनी गॅस बंद केला नाही. म्हणाल्या, अजून जरा घ्या वास.

आता हसताय! कीर्तनाच्या सुरुवातीला, पूर्वरंगात मी संस्कृत श्लोक म्हटला, तेव्हा किती छान डोलत होतात सगळे. अर्थ कुणी विचारलात? – नाही ना?

बरं झालं. तिसरा चरण मी विसरलो होतो. नुसतं गुणगुणलो.