तिसऱ्यांदा विचारणाऱ्या बाई

समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा मंडळाचे प्रमुख श्री. डाल्केसाहेब, व्यासपीठावरचे पास्टर नायगार्ड, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या मार्लिसबाई एंगेब्रेट्सन, आणि पुढच्या चार रांगा रिकाम्या ठेवून मागे दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या ओस्टबीकरांनो,

मी वर्लिन त्वेट. उभी हयात गाईंशी बोलण्यात गेली, आणि गाई उलट प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण बाईंबद्दल बोलायचं म्हटल्यावर मीच हात वर केला. माझा मुलगा अजून माझ्याकडे संशयानं बघतोय.

मार्लिसबाई आपल्या शाळेत बालवर्गाच्याही आधीच्या मुलांना शिकवतात. जी मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, त्यांना. आमची नात ब्रिटा त्यातलीच. तीन वर्षांची होईपर्यंत सरकारकडून एक ताई घरी येऊन तिच्याशी खेळायच्या. तीन पूर्ण झाली की ते बंद होतं आणि पुढचं शाळेनं बघायचं. पण आईनं हो म्हटल्याशिवाय शाळेला पोरीची साधी तपासणीही करता येत नाही. कायदाच आहे तसा, आणि चांगला आहे.

शाळेत तेव्हा मिनियापोलिस शहरातून नवीन आलेले एक तरुण अधिकारी होते. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी माझ्या सुनेला, कॅरीला, फोन केला. कॅरी म्हणाली, "नको हो, उगाच तुम्हाला त्रास." काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. कॅरी म्हणाली, "कुणाला जास्त गरज असेल त्याला द्या की." त्यांनी तिच्या इच्छेचा मान राखला आणि विषय मिटवला.

आता मला सांगा, यात चुकलं कोण? आपल्या मिनेसोटाच्या खेड्यांत कुणी कॉफी विचारली की आपण नको म्हणतो. पुन्हा विचारली की कशाला उगाच म्हणतो. तिसऱ्यांदा विचारली की मुकाट्यानं कप पुढे करतो. शहरातल्या त्या बिचाऱ्याला हे कोण सांगणार? तो दोनदा विचारून थांबला, आणि इकडे आमची कॅरी फोनकडे बघत बसली.

मी तिला म्हटलं, "अगं, तूच कर की फोन."

"बाबा, एकदा नको म्हटल्यावर आपणहून मागायचं? बरं दिसतं का ते?"

असा अख्खा हिवाळा गेला. पोर तोंडातून शब्द काढत नव्हती. काही हवं असलं की भिंतीला डोकं टेकून रडायची. काय हवंय ते आम्हाला कळायचं नाही, आणि आम्हाला कळत नाही हे तिला कळायचं. तिची आई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून, पाठ फिरवून भांडी घासत राहायची, घासलेलीच.

एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. ब्रिटा कोटांच्या रांगेखाली जाऊन बसली होती. बाईंनी तिला पाहिलं आणि कॅरीला विचारलं, "ही माझ्या वर्गात कशी नाही?"

"मी नको म्हटलं होतं."

"किती वेळा?"

"दोनदा."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या या गावात जन्मलेल्या. दुसऱ्या दिवशी बर्फ तुडवत आमच्या दारात हजर. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "कॅरी, मी तिसऱ्यांदा विचारायला आलेय."

कॅरी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमची फार अडचण होणार नसेल, तर चालेल."

आपल्या गावात याला टाहो म्हणतात, मंडळी.

तपासणी झाली, ब्रिटा वर्गात जाऊ लागली. एकदा मी तिला आणायला लवकर पोचलो. बघतो तर बाईंनी बिस्किटांचा डबा घट्ट झाकण लावून तिच्यापुढे ठेवलाय आणि स्वतः गप्प बसल्यात. पोर डब्याशी झटतेय. माझा जीव कळवळला. म्हटलं, "अहो बाई, द्या की तिला."

"वर्लिन, तू बाहेर बस. तिला मागू दे."

बसलो बाहेर. त्या दिवशी मला बाईंचा राग आला होता, हे त्यांच्यासमोरच सांगतो. त्या रोज तसंच बसायच्या. किती धीर लागत असेल त्याला. माझ्याच्यानं एक दिवस निभलं नसतं. आणि त्या अधिकाऱ्यांचंही सांगायला हवं. ते आता प्रत्येक घरी तीनदा विचारतात, आणि स्वतः कॉफीही तिसऱ्या वेळेलाच घेतात.

गेल्या नोव्हेंबरात आभारदिनाला आमचं सगळं गोत जेवायला जमलं होतं. भोपळ्याच्या गोड 'पाय'चा एकच तुकडा उरला. तो ताटलीतून फिरू लागला. "तू घे." "छे, तू घे." "माझं पोट भरलंय." सगळ्यांचा डोळा त्याच्यावर, आणि हात कुणाचाच पुढे होईना. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "मला पाहिजे."

त्वेट घराण्यात चार पिढ्यांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

कॅरी उठून आत गेली. या वेळी तिनं नळ सोडला नाही. रडली ती सगळ्यांना ऐकू येईल अशी, आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

मार्लिसबाई, आमच्या पोरीला तुम्ही मागायला शिकवलंत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडायची आमची इच्छाही नाही. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी तिकडे जेवणातली हॉटडिश निवत असताना ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, काही वेडंवाकडं बोललो असेन, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. ब्रिटाला बाईंशी काही बोलायचंय. तिला वेळ लागेल. आपण सगळे थांबू या.